यार्डातले दिवे

राजापेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात नीलमला स्वतःची पाठ दिसली. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे कागद तिने दुकान चालवणाऱ्या नितेशच्या हातात दिले होते, दोन दोन प्रती मागितल्या होत्या. यंत्रातून पहिला कागद सरकत बाहेर येत होता आणि काउंटरवर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेल्या त्याच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आपोआप सुरू झाला. आधी नुसता अंधार, मग हलणारी तारेची जाळी, जाळीपलीकडे चांदण्यात उभे लोखंडी खांब, आणि त्यांच्या मधोमध एक बाई, तिपाईवरच्या नळीला डोळा लावून कमरेत वाकलेली. शूट करणाऱ्याचा आवाज अगदी जवळून येत होता. ‘पाहा मित्रहो, आख्खं गाव अंधारात हाय अन् मॅडम तारे पाहून राहिल्या.’ नीलमला पहिल्यांदा वाटलं की ही आईच आहे, शेतात निंदायला वाकलेली. मग तिने ओढणी ओळखली. खांद्यावरून मागे टाकून गाठ मारलेली ओढणी, एका टोकाला इस्त्रीचा डाग. माणसाला स्वतःची पाठ आयुष्यात दिसत नाही आणि दिसली की ती आपली वाटत नाही. तिला उगाचच मागे वळून पाहावंसं वाटलं.

‘पाह्यलं काय ताई?’ नितेश हसत म्हणाला. ‘अकोल्याकडची हाय. दुर्बीण पाहाले अंधार पाहिजे मनून गावाची लाइन बंद केली मने तिनं.’

‘लाइन तिनं बंद नव्हती केली.’

‘तुमाले काय मालूम?’

‘ते मीच हाय.’

आपलं हसू एकदम कुठे ठेवावं ते नितेशला कळेना. त्याने मोबाइल पालथा घातला, कागद नीट टाचणी लावून दिले आणि तिच्याकडे न पाहता म्हणाला, ‘मले आलं होतं, म्या कोनाले पाठवलं नाई.’ ती पायऱ्या उतरून रस्त्यावर आली तेव्हा शिकवणीचे वर्ग नुकतेच सुटले होते. खांद्याला पिशव्या अडकवलेली मुलंमुली गाड्या काढत होती, हॉर्न वाजत होते, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. आपण ‘ते मीच हाय’ म्हणालो याचं तिला बरं वाटत होतं. तीन वर्षं ती वर पाहत होती. तेवढ्या काळात खालून कुणी आपल्याकडे पाहत असेल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

नीलम छत्तीस वर्षांची होती. अकोल्याच्या अलीकडे मूर्तिजापूरच्या रस्त्याला वीज कंपनीचं एक उपकेंद्र आहे, तिथे ती ऑपरेटर होती. म्हणजे एका खोलीत आठ तास बसायचं, दर तासाला मीटरचे आकडे लॉगबुकात लिहायचे आणि गावागावांकडे जाणारी एखादी लाइन बिघाडाने पडली की भोंगा वाजतो, तेव्हा काय करायचं ते डोकं शांत ठेवून करायचं. बडनेऱ्याहून पॅसेंजरने जायचं, पॅसेंजरने यायचं. या सगळ्यात आकाश कुठे बसवायचं हा प्रश्न तिने स्वतःच सोडवला होता. आधी तिने एक मोठी दुर्बीण घेतली होती, पाण्याच्या पाइपाएवढी जाड. ती मांडायला पाऊण तास लागायचा, आरसे जुळवायला आणखी अर्धा. वर्षभरात ती सात वेळा पलंगाखालून निघाली आणि आठव्यांदा निघायच्या आधी तिच्यापुढे गव्हाची पोती येऊन पडली. मग तिने ती एका शाळेला देऊन टाकली आणि ही छोटी आणली. ऐंशी मिलिमीटरचं भिंग, हातभर नळी, कॅमेऱ्याची तिपाई. सगळं पाठीवरच्या पिशवीत डब्याशेजारी मावायचं. डोळा लावायची भिंगं दोन, ती आईने विणलेल्या लोकरीच्या मोज्यात. तिपाईचे पाय अर्धेच ओढायचे, सगळ्यात खालचा जोड उघडायचाच नाही म्हणजे नळी थरथरत नाही. संध्याकाळची पाळी असली की आकडे लिहिण्याच्या दहा मिनिटं आधी नळी खिडकीत ठेवायची, बाहेरच्या हवेची सवय व्हायला. आकडे लिहिले की दार उघडं ठेवून दारापासून बारा पावलांवर मांडायची. तिथून भोंगा ऐकू येतो, फोन ऐकू येतो. मांडायला तीन मिनिटं. मग वीस मिनिटं गुरू, वीस मिनिटं चंद्राची कड, नाहीतर एखादा जोडतारा. मोठी दुर्बीण कोणती, तर जी बाहेर निघते ती, एवढं तिला कळलं होतं.

हे वेड तिला कुठून लागलं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचे वडील देवमन चांदूर रेल्वेला रेल्वेत गँगमन होते. हिवाळ्यातल्या पहाटे रुळांना तडा जातो, म्हणून ते उजाडायच्या आधी हातोडा आणि कंदील घेऊन रूळ ठोकत जायचे, आणि कधी कधी पहिल्या फाटकापर्यंत तिला बरोबर न्यायचे. मृगाचे तीन तारे पश्चिमेला टेकलेले असायचे. बाबा त्यांना तिफण म्हणायचे, पेरणीची तिफण. एकदा फाटकाशी बसून बिडी ओढता ओढता ते म्हणाले होते, ‘आपल्या आज्यानं जलमभर दुसऱ्याच्या वावरात तिफण हाकली. हे वरची तिफण मातर कोनाच्या बापाची नाई. पाह्यची तितकी पाह्य.’ त्या वेळी तिला फक्त थंडी वाजत होती. नंतर कितीतरी वर्षांनी, नोकरीच्या पहिल्या साली, मेळघाटात सेमाडोहला ट्रान्सफॉर्मर बदलण्याच्या कामावर गेली असताना ती रात्री जेवून हात धुवायला अंगणात आली आणि वर पाहून तिच्या हातातून तांब्या सुटला. एवढे तारे एकदम अंगावर आले की भीती वाटते. घराचं छप्पर उडून गेल्यासारखं वाटतं. आत गेल्यावर झोप लागेना, आणि आनंद इतका होत होता की छाती दुखत होती. बाबा जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

व्हिडिओतली ती संध्याकाळ चार दिवसांपूर्वीची, मंगळवारची. दसरा होऊन गेला होता, आई नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन परत आली होती, कोजागिरी दुसऱ्या दिवशी होती. धूमकेतू आला होता. ऐंशी हजार वर्षांनी येणारा, सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला तासाभरासाठी दिसणारा. आणि उपकेंद्राच्या पश्चिमेला नेमकं ते गाव होतं, गावाच्या मैदानावरचे उंच खांब, दुकानांचे दिवे, निवडणुकीच्या सभेचा मांडव. आदल्या दिवशी ढग, त्याच्या आदल्या दिवशी सुट्टी आणि घरच्या गच्चीसमोर नवी पाच मजली इमारत. धूमकेतू रोज थोडा वर येत होता आणि रोज थोडा विझत होता. तो आपल्या नोकरीच्या वेळेला ओळखत नव्हता. सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी भोंगा वाजला आणि गावाची लाइन पडली. पश्चिमेकडचा सगळा उजेड एकाएकी पुसला गेला. नीलम खुर्चीतून उठली. आणि उठता उठता तिला आनंद झाला.

हा आनंद तिच्या मनातून चार दिवस हलत नव्हता. तो किती वेळ होता? एक श्वास. त्या श्वासानंतर तिने जे करायचं ते सगळं केलं. भोंगा बंद केला, दोन मिनिटं थांबून लाइन एकदा चालू करून पाहिली, ती धाडकन पुन्हा पडली. म्हणजे कुठेतरी तार जमिनीला लागलेली होती. तिने लाइनमन मोतीरामला फोन केला. मोतीराम पन्नाशीचा, कंत्राटावरचा, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी जळून गेलेला. तो म्हणाला, ‘मी निघतो. नाल्याकडचं पाहतो. म्या फोन करेपर्यंत हात लावू नोका मॅडम.’ ती म्हणाली, ‘नाही लावत.’ लॉगबुकात वेळा लिहिल्या. लाइनवर माणूस आहे अशी लाल पाटी त्या लाइनच्या ब्रेकरला, चालू करायच्या खटक्याला, अडकवली. तेवढं झाल्यावर तिच्याकडे वाट पाहण्याशिवाय काही उरलं नाही. खिडकीत नळी ठेवलेलीच होती. सहा पंचावन्नला तिने भिंतीवरची बटणं खाली ओढली आणि बाहेरच्या यार्डातले, खांबांच्या आवारातले, चारही मोठे दिवे मालवले.

खोलीतला दिवा चालू होता, फोन कमरेला होता, दार उघडं होतं. तिने तिपाई मांडली. पूर्वेला मोठा चंद्र होता तरी पश्चिम काळीशार झाली होती. शुक्राच्या उजवीकडे, वर, तो साध्या डोळ्यांनाच दिसला. कुणी खडूने रेघ ओढून तळहाताने हलकेच पुसावी तसा. नळीत त्याचं डोकं पिवळसर होतं आणि शेपूट भिंगात मावत नव्हतं, नळी सरकवली की आणखी निघायचं, आणखी सरकवली की आणखी. तिला जाणवलं की आपण तोंड उघडं ठेवून पाहतोय. मधेच फोन वाजला. गावातल्या कार्यकर्त्याचा, अंकुरचा. ‘मॅडम, भाऊची सभा हाय. माइक बंद पडला. पाच मिन्टात लाइन पाहिजे.’

‘तार पडली आहे. लाइनमन लाइनवर आहे. त्यानं सांगितल्याशिवाय चालू होणार नाही.’

‘इथं हजार लोक बसून हाय.’

‘तिथं एक माणूस तार हातात धरून आहे.’

त्याने फोन ठेवला. सात वाजून दोन मिनिटांनी धूमकेतू बाभळीच्या फांदीआड गेला तेव्हा तिने यार्डातले दिवे पुन्हा लावले आणि आत येऊन बसली. अंकुर कधी मोटरसायकलवरून कुंपणाशी आला, कधी त्याने शूट केलं आणि गेला, तिला कळलंच नव्हतं. मोतीरामचा फोन सात एकतीसला आला. तुरीच्या वावरात कमरेएवढ्या चिखलातून जाऊन त्याने तार बांधली होती. सात बत्तीसला तिने लाइन चालू केली आणि ती टिकली. त्या रात्री उपकेंद्राच्या मागच्या खोलीत, पहिल्या गाडीची वाट पाहत पडल्यापडल्या तिने मोबाइल काढून वेळा पुन्हा तपासल्या होत्या. सात एकतीस. सात बत्तीस. मधे एक मिनिट, तेही पाटी काढण्याचं. तिने एक क्षणही चोरला नव्हता. तरी तो एक श्वास होताच. बिघाड झाला म्हणून आनंद होणाऱ्या बाईने त्या खुर्चीत बसावं का? हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. व्हिडिओखाली लोकांनी पुष्कळ लिहिलं होतं, बाईमाणूस, आरक्षण, पगार, शेपटीवाल्या ताऱ्याचा अपशकुन. जे विचारायला हवं होतं तेवढंच कुणी विचारलं नव्हतं.

घराच्या जिन्यातच आरतीचा मेसेज आला. आरती अकोल्याच्या ऑफिसात लिपिक होती, नीलमच्या बरोबरच लागलेली. तिने टाइप केलेल्या एका कागदाचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘सोमवारी अकराला साहेबांनी बोलावलं आहे. यावर सही केली की विषय संपला म्हणतात. आधी वाचून ठेव.’ चारच ओळी होत्या. ‘दुर्बिणीतून पाहण्याच्या नादात लाइन चालू करण्यास माझ्याकडून विलंब झाला. त्यामुळे ग्राहकांची गैरसोय झाली. याबद्दल मी दिलगीर आहे. पुन्हा असे घडणार नाही.’ जिन्यातल्या दिव्याखाली तिने ते तीनदा वाचलं.

आई सुंदराबाई दाराशीच लसूण सोलत बसली होती. एका डोळ्याने तिला जवळजवळ दिसतच नव्हतं, लसूण ती बोटांनीच ओळखायची. नीलमने तिला सगळं सांगितलं, कागदही वाचून दाखवला. आईने हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली.

‘करून टाक सही. सही केल्यानं हात झिजत नाई.’

‘विलंब झाला असं लिहिलं आहे माय त्यात.’

‘मंग होऊ दे झाला. नवकरी लागाले तुले किती साल लागले ते मले मालूम. तारे काय, ते उद्या बी राह्यते.’

‘माय, तो चाळीस मिनिटांचा वेळ मोतीरामचा होता. तो तार धरून होता. त्या वेळेले मी विलंब म्हटलं त उद्या माह्या जागी जो बसेल तो घाबरून लाइन चालू करेल. फोन यायच्या आधी.’

आईने वाटीतल्या पाकळ्या चाचपल्या. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. मग आईने विचारलं, ‘त्याले लेकरं किती?’

‘दोन पोरी.’

‘मंग नोको करू,’ आई म्हणाली आणि दुसरी पाकळी घेतली.

गाडीत खिडकीशी बसून सोमवारी सकाळी ती अकोल्याला गेली. दोन्ही बाजूंना कपाशी फुटायला लागली होती. आपण फार शूर आहोत असं तिला वाटत नव्हतं. तिला राग मात्र आला होता, आणि तो राग आधारासारखा होता, गर्दीत वरची दांडी धरावी तसा. तीन वर्षं तिने आकाश नोकरीच्या फटींतून पाहिलं होतं. कुणाची मिनिटं घेतली नव्हती. डबा खायची वेळ, गाडी उशिरा असली तर फलाटावरची वेळ, पाळी बदलताना पुढचा माणूस यायच्या आतली वेळ. एवढं चोरट्यासारखं, एवढं सांभाळून, आणि शेवटी चोर ठरायचं ते न केलेल्या चोरीसाठी. मग इतकी वर्षं इतकं लहान होऊन का राहिलो, असं तिला वाटलं. मूर्तिजापूर गेलं तरी तिने डबा उघडला नव्हता.

अमोल गावंडे साहेब तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान होते. वाईट माणूस नव्हता. त्यांच्या टेबलावर दोन फोन होते आणि दोन्ही सारखे थरथरत होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

‘मॅडम, मी तुम्हाला वाचवून राहिलो. आचारसंहिता लागली आहे. वरून फोन आहेत. हा कागद मी दाखवतो, ते गप्प बसतात, दोन दिवसांत लोक विसरतात.’

‘माहीत आहे सर.’

‘मग करा सही.’

‘विलंब हा शब्द काढा.’

‘तो काढला तर कागदात उरते काय?’

‘म्हणूनच म्हणून राहिली सर. लॉगबुक तुमच्यापुढे आहे. मोतीरामचा फोन सात एकतीसला आला. त्याच्या आधी मी लाइन चालू केली असती तर आज आपण वेगळाच कागद घेऊन बसलो असतो, अपघाताचा.’

साहेबांनी लॉगबुक उघडलं नाही. त्यांनी ते आधीच पाहिलेलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ते हळू आवाजात म्हणाले, ‘हे मला कळते. पण व्हिडिओत लॉगबुक दिसत नाही. व्हिडिओत तुम्ही दिसता.’

त्या वाक्याने तिच्या आत काहीतरी जागेवर बसलं. खरंच, व्हिडिओत ती दिसत होती. मग जी दिसत होती तिचं सगळंच सांगून टाकावं. तिने कोरा कागद मागितला. साहेबांनी प्रिंटरमधून एक ओढून दिला. ती लिहू लागली. लिहिताना तिचं अक्षर लॉगबुकातल्यासारखं झालं, उभं आणि सुटं. सहा अठ्ठेचाळीसला लाइन पडली. सहा पन्नासला एकदा चालू करून पाहिली, पुन्हा पडली. सहा बावन्नला लाइनमनला कळवले. लाइनमनचा फोन येईपर्यंत लाइन बंद ठेवली, हे नियमाप्रमाणे होते आणि पुन्हा तशी वेळ आल्यास मी असेच करीन. मग ती थांबली. इथपर्यंत ती निर्दोष होती. पेन इथेच खाली ठेवलं असतं तरी चाललं असतं. खिडकीबाहेर कडुनिंबाखाली मोतीराम उभा होता, त्यालाही बोलावलं होतं. तिने पुढे लिहिलं, सहा पंचावन्न ते सात दोन या वेळात यार्डातले दिवे मी स्वतः बंद केले. धूमकेतू पाहण्यासाठी. तशी परवानगी नव्हती. त्याबद्दल जी कारवाई होईल ती मान्य आहे.

साहेबांनी वाचलं. शेवटच्या ओळींपाशी त्यांची भुवई वर गेली.

‘दिव्यांचं तुम्हाला कोणी विचारलं होतं?’

‘नाही.’

‘मग काहून लिहिता? पायावर धोंडा पाडून घेऊन राहिल्या तुम्ही.’

‘बाकीचं खरं आहे हे कळावं म्हणून सर.’

‘याच्यानं ठपका येईल. कदाचित त्या खुर्चीवरून उठवावं लागेल तुम्हाला.’

‘केलं त्याचं येऊ द्या. जे केलं नाही त्याचं नाही घेणार.’

तिने सही केली, तारीख घातली आणि टाइप केलेला कागद घडी न घालता त्यांच्याकडे परत सरकवला. बाहेर मोतीराम तिची वाट पाहत होता. त्याला आतलं काही ऐकू गेलं नव्हतं, पण त्याने चेहरा वाचला. म्हणाला, ‘मॅडम, मले हापिसातले मनले का पंधरा मिन्टात काम झालं मनून लिहून दे. तुमी मनान त मी देतो. माह्यं काय, मी कंत्राटी.’

‘लिहून द्याल, अन् पुढच्या वेळी तुमाले पंधराच मिनिटं भेटतील मोतीरामभाऊ.’

त्याने डावा हात खिशात घातला. जरा वेळाने तो आत गेला, आणि पाच मिनिटांत परत आला. म्हणाला, ‘सात एकतीसच सांगतलं.’

पुढचे सहा आठवडे नीलमला ऑपरेटरच्या खुर्चीवरून काढून अकोल्याच्या ऑफिसात बसवलं. आरतीच्या शेजारी एक टेबल, टेबलावर नव्या मीटरचे अर्ज, ते गावाप्रमाणे लावायचे. लोक कामाच्या निमित्ताने येऊन तिला पाहून जायचे. एकीने तर मोबाइल काढून चेहरा जुळवून पाहिला. नीलमने मान वर केली आणि तिचं पाहून होईपर्यंत तशीच धरली. दुर्बीण रोज पिशवीत असायची, डब्याशेजारी. ती घरी ठेवून यायला आईही म्हणाली होती, आरतीही. तिने ठेवली नाही. धूमकेतू त्या दिवसांत विझत विझत गेला. एकदा गच्चीवरून, नव्या इमारतीच्या टाकीवर, तिला एक धुरकट ठिपका दिसला आणि तोच तो आहे की नाही याची खात्री झाली नाही. आईचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी सुटल्यावर आईने पहिल्यांदा भिंतीवरचा बाबांचा फोटो पाहिला आणि म्हणाली, ‘किती धूळ हाय व त्याच्यावर.’ निवडणूक झाली, निकाल लागला, भाऊ पडले. अंकुर नंतर कुणाचे व्हिडिओ काढत होता कोण जाणे. आणि त्या आनंदाचं, त्या एका श्वासाचं काय करायचं हे नीलमला हळूहळू उमगलं. सेमाडोहला बाबा गेल्याचं दुःख असतानाही छाती भरून आलीच होती. अंगात जे उसळतं ते परवानगी घेऊन उसळत नाही. हाताने काय केलं ते माणसाकडे असतं. ते तिने लिहून दिलं होतं. श्वासाची माफी ती मागणार नव्हती.

नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी, पाच वाजता, साहेबांनी तिला आत बोलावून आदेश दिला. विलंबाबाबतचा आक्षेप सिद्ध होत नाही. यार्डातले दिवे विनापरवानगी बंद केल्याबद्दल सेवापुस्तकात ठपक्याची नोंद. सोमवारपासून पुन्हा उपकेंद्रात हजर व्हावे. यापुढे उपकेंद्राच्या आवारात दुर्बीण आणू नये. तिने पोच दिली. साहेब म्हणाले, ‘शेवटची अट माझी नाही.’ ती म्हणाली, ‘असू द्या सर. आवार केवढं असते.’

ऑफिसच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती, तिथे मोतीराम बसला होता. सूर्य नुकताच बुडाला होता. रस्त्यावरचे सगळे दिवे लागले होते, दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे दिवे, समोरच्या लग्नाच्या हॉलवर निळ्या माळा. अंधार म्हणावा असा कुठे उरला नव्हता. नीलमने वर पाहिलं. आग्नेयेला, विजेच्या तारांच्या खूप वर, एक पिवळट, न लुकलुकणारा ठिपका होता. तिने पिशवी टपरीच्या बाकावर ठेवली, तिपाई काढली आणि फुटपाथवर मांडली. पाय अर्धेच ओढले. नळी बसवली, मोज्यातून भिंग काढलं. लोक थांबून पाहू लागले. टपरीवाल्याने विचारलं, ‘मॅडम, इथं कशाचं काय दिसणार? केवढा उजेड हाय.’

‘शनीले अंधार लागत नाही.’

साहेब मोटरसायकल काढून फाटकाशी आले आणि तिला पाहून त्यांचा पाय ब्रेकवर गेला. तिने फुटपाथकडे बोट दाखवलं. ‘सर, हे आवार नाही.’

साहेबांनी एकदा नळीच्या दिशेने वर पाहिलं, त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक, आणि हॉर्न न वाजवता गर्दीत शिरले. नीलमने डोळा लावला. यंदा शनीची कडी आडवी झाली होती, सुईसारखी बारीक, गोळ्याच्या आरपार टोचल्यासारखी. शेजारी त्याचा एक चंद्र. हवा थरथरत होती, पण मधूनच स्थिर व्हायची आणि सगळं धारेवर यायचं. मागे कुणीतरी मोबाइल काढला होता. तिने वळून पाहिलं नाही. पाठ पाहायची त्याने पाहावी.

‘तुमची गाडी, मॅडम?’ मोतीरामने विचारलं. साडेसहाची पॅसेंजर होती आणि स्टेशन लांब होतं.

‘जाऊ द्या. आठची आहे.’ ती बाजूला झाली. ‘या, पाहा.’

मोतीराम चहाचा ग्लास खाली ठेवून आला. नळीला हात लागू नये म्हणून त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले, जिवंत तारेजवळ वाकावं तसा वाकला आणि आत पाहत राहिला. मग म्हणाला, ‘काही नाई मॅडम. कोरं हाय.’

पृथ्वी फिरत होती, शनी भिंगातून निसटला होता. तिने वाकून नळी केसभर सरकवली, तो मधोमध आणला आणि पुन्हा बाजूला झाली.

‘आता पाहा.’

‘आता हाय,’ तो म्हणाला. ‘खांबावरची चिनीमातीची चकती रायते ना, तस्संच हाय हे. कोनं बसवलं अशीन बाप्पा इतक्या वर.’ आणि डोळा तसाच लावून त्याने विचारलं, ‘किती वेळ पाह्यलं त चालते?’

‘मन भरेपर्यंत,’ नीलम म्हणाली.